सुईची पकड आणि खाचेची चाल

दुरुस्तीला आलेला ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुईची हालचाल पातळ पडद्याला देऊन आवाज काढणारी ध्वनिपेटी, हातात घेतला की पडद्याकडे मी नंतर बघतो. आधी सुईचा पेच सैल करायचा, जुनी सुई काढायची आणि घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून त्या रिकाम्या भोकात डोकवायचं. माझी तीस वर्षं मनगटी घड्याळं उघडण्यात गेली, ग्रामोफोन त्यानंतर हाताशी आले, म्हणून ही सवय. रोग बरेचदा तिथेच सापडतो. तळाशी मोडक्या सुईचा तुकडा गंजून बसलेला असतो, भोक झिजून लांबट झालेलं असतं आणि पेचाचं टोक छिन्नीच्या डोक्यासारखं पसरलेलं असतं. यंत्राचा मालक मात्र सांगत असतो, आवाज फाटतोय, पडदा बदलून द्या.

चावीचा ग्रामोफोन आणि वेगवेगळ्या जातीच्या तबकड्या ज्यांच्या घरात एकत्र आल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सुईची पकड पक्की हवी, सुई आणि पडदा जोडणाऱ्या सुईदांडीची बिजागरी मोकळी हवी, आणि खाच सुईला ज्या दिशेने हलवते त्याच दिशेने दांडी हलली पाहिजे. या तीन गोष्टी जमल्या की आवाज आपोआप उघडतो. वजन वाढवून किंवा स्प्रिंग आवळून आवाज काढायला गेलं की तबकडीचा बळी जातो.

तर आधी तबकडी ओळखायला शिका. खाचेत आवाज दोन प्रकारे कोरला जातो. एडिसनने १८७७ साली कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाज उमटवला तेव्हा त्याची सुई वर-खाली हलत होती. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ग्रामोफोनचं पेटंट घेतलं, त्यात सुई डावी-उजवीकडे हलत होती. पहिलीला मी उभी चाल म्हणतो, दुसरीला आडवी. पुढे जगभर आडवी चालच रुळली आणि आपण ज्यांना ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या म्हणतो त्या जवळपास सगळ्या याच जातीच्या. पण फ्रान्सच्या पाथे कंपनीने बरीच वर्षं उभ्या चालीच्या तबकड्या काढल्या, एडिसनने १९१२ ते १९२९ आपल्या डायमंड डिस्क त्याच चालीत काढल्या, आणि अमेरिकेतल्या ओके कंपनीची १९१८ची सुरुवातही उभ्या चालीनेच झाली. त्यामुळे जुन्या ढिगाऱ्यात काय हाताला लागेल सांगता येत नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. तबकडी खिडकीजवळ नेऊन तिरपी धरा आणि दहापट भिंगातून खाच बघा. आडव्या चालीत खाचेच्या दोन्ही कडा मिळून नागमोडी वळताना दिसतात, मोठ्या आवाजाच्या जागी तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. उभ्या चालीत खाच सरळ जाते आणि तिच्या तळाशी उजेड-अंधाराचे बारीक पट्टे पडतात. पाथेची खाच रुंद आणि उथळ असते. सुरुवातीच्या पाथे तबकड्यांवर कागदी लेबल नसतं, मजकूर तबकडीतच कोरून रंग भरलेला असतो, आणि सुई आतून बाहेरच्या कडेकडे जाते. एडिसनची डिस्क हातात घेताच कळते. ती सुमारे सहा मिलिमीटर जाड आणि चांगलीच जड असते.

ही ओळख मला नुकसान करून घेतल्यावर पटली. एका विक्रेत्याने जुन्या तबकड्यांचा गठ्ठा देताना सांगितलं होतं की सगळ्या एकाच यंत्रावर चालतात. त्यात एक जाड तबकडी होती. मी नवी पोलादी सुई लावली आणि ठेवली. भोंग्यातून फक्त खरखर येत होती, गाणं कुठेतरी खोल, भिंतीपलीकडे चालल्यासारखं. मला वाटलं पडदा गेला, म्हणून पूर्ण बाजू चालू दिली. सुई उचलली तेव्हा तिच्याभोवती करड्या भुकटीची बारीक रेघ जमली होती. एडिसनच्या डिस्कमध्ये आवाज वरच्या पातळ, कडक थरात कोरलेला असतो आणि दर इंचाला दीडशे खाचा असतात. त्याला घासून पॉलिश केलेला हिरा लागतो. पोलादी सुईने तो थर एका फेरीत खरवडून काढला होता. ती तबकडी मी अजून ठेवली आहे. शिकायला कोणी आलं की आधी तीच हातात देतो आणि भिंगातून बघायला सांगतो.

म्हणून एडिसनच्या डिस्कबद्दल माझा सल्ला ठाम आहे: साध्या ग्रामोफोनवर जुगाड करून ती वाजवू नका. एडिसनच्या यंत्रात ध्वनिपेटी तबकडीवरून ओढत नेण्याचं काम खाचेवर सोपवलेलं नाही, ते दात्यांच्या चाकांनी होतं. हिरा एका लोंबत्या वजनाला जोडलेला असतो आणि तिथून एक बारीक दोरी पडद्याच्या मध्यापर्यंत जाते. त्या रचनेची नक्कल एका साउंडबॉक्समध्ये होत नाही. त्या काळात काही कंपन्यांनी तशी सोय करून पाहिली. ब्रन्सविक कंपनीच्या अल्टोना नावाच्या ध्वनिपेटीत डोकं फिरवून सुई, नीलम आणि हिरा असे तिन्ही प्रकार वापरता येत. अशी पेटी मूळ अवस्थेत मिळाली तर ठीक. नाहीतर ती डिस्क तिच्या स्वतःच्या यंत्राची वाट बघत राहू दे.

आता आडव्या चालीचं काम, कारण नव्वद टक्के वेळ आपल्याला तेच लागतं.

भोकापासून सुरुवात. अडकलेला तुकडा काढायला विजेचं ड्रिल अजिबात नको. पातळ तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक ड्रिल धरायच्या हाताच्या मुठीत, भोकापेक्षा थोडा बारीक ड्रिल बिट धरून बोटांनीच फिरवा. गंजाचा चुरा निघू लागतो आणि बहुतेक वेळा तुकडा त्याच्याबरोबर सुटतो. नंतर स्पिरिटमध्ये बुडवलेली काडी आत फिरवून तेल पुसून काढा, नाहीतर सुई कायम घसरत राहील. पेचाचं टोक तेलदगडावर धरून सपाट करा, कडा किंचित मारा. पसरलेलं टोक सुईला एका बाजूला ढकलतं, आणि कितीही आवळलं तरी सुई तिरकी बसते.

भोक लांबट झालं असेल तर ते मोठं करून नवी नळी ठोकायचा मोह होतो. मी करत नाही. जुन्या दांड्या कधी पितळी असतात, कधी जस्ताच्या मिश्रधातूच्या. जस्ताचा ओतीव धातू काळाने फुगतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात, आणि एका ठोक्यात दांडी हातात येते. त्याऐवजी फॉस्फर ब्राँझच्या अगदी पातळ पत्र्याची अरुंद पट्टी लांबीत अर्धगोल वळवून पेचाच्या समोरच्या बाजूला आत सरकवायची. साध्या पोलादी सुईचा दांडा साधारण दीड मिलिमीटर जाड असतो. पट्टीसह सुई हाताने आत जावी, पण सैल पडू नये, एवढं माप साधायचं. पेच हरवला असेल तर हाताला लागेल तो बसवू नका. जुन्या यंत्रांचे आटे आजच्या मेट्रिक मापाचे असतीलच असं नाही. पहिल्या दोन आट्यांनंतर पेच जड वाटला तर तिथेच थांबा.

परीक्षा अशी: नवी सुई पूर्ण आत घाला, पेच आवळा आणि सुईच्या टोकाला नखाने हलकेच टिचकी मारा. पडद्यातून भरीव ‘टक्’ आला तर पकड बरोबर. त्यात बारीक ‘चिर्र’ मिसळली असेल तर सुई आत नाचते आहे.

यानंतर बिजागरी, आणि इथे घाई करू नका. अभ्रकाच्या पडद्याच्या जुन्या साउंडबॉक्समध्ये सुईदांडी ही तरफ असते. खाली सुई, मध्ये टेकू, आणि वरचा लांब हात पडद्याच्या मधोमध छोट्या स्क्रूने धरलेला. काही पेट्यांत दांडी धारदार टेकूंवर बसते आणि दोन स्प्रिंगा तिला जागेवर ओढून धरतात, काहींत दोन टोकदार पेचांमध्ये ती तोललेली असते. स्प्रिंग किती आवळायची हा प्रश्न सगळे विचारतात. त्याचं उत्तर पडदा सुटा केल्याशिवाय मिळत नाही.

मध्यावरचं मेण गरम सुईने मऊ करा, स्क्रू काढा, दांडी पडद्यापासून मोकळी करा. आता पेटी डोळ्यासमोर आडवी धरून बाजूने बघा. दांडीचं टोक पडद्याच्या भोकावर स्वतःहून, कागदाच्या जाडीइतकं अंतर ठेवून, उभं राहिलं पाहिजे. ते पडद्यावर रेललं असेल किंवा लांब गेलं असेल, तर स्प्रिंगा पाव-पाव फेरा फिरवून त्याला मध्यावर आणा, एक सैल आणि दुसरी तेवढीच घट्ट. मग दांडी बोटाने बाजूला ढकलून सोडा. ती न अडखळता परत यावी आणि टेकूवर खुळखुळू नये. एवढं झाल्यावरच स्क्रू लावायचा. लावताना पडद्यावरचं खिडकीचं प्रतिबिंब बघत राहा. स्क्रू आवळताना प्रतिबिंब वाकडं झालं तर पडदा ताणला जातोय. मग परत सैल करून स्प्रिंगांकडे वळायचं. हे जमायला मला पहिल्या वेळी पूर्ण दुपार लागली होती, आता वीस मिनिटं लागतात. शेवटी मधमाशीच्या मेणाचा तांदळाएवढा थेंब सांध्यावर. मेण हवा अडवतं आणि सांध्याची कुरकुर थांबवतं. जास्त टाकलं तर पडद्याचं वजन वाढून वरचे सूर मंदावतात.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना रबरी नळीची कडी असते. जुनं रबर लाकडासारखं कडक होतं आणि पडद्याची कड आवळून धरतं. ती काढून मऊ नळी घाला, टोकं एकमेकांवर न चढवता समोरासमोर भिडवा आणि सांधा दांडीपासून दूर ठेवा. मागच्या बाजूचं जाड रबर, ज्याने पेटी नळीला जोडलेली असते, तेही कडक झालं असेल तर बदला. अभ्रकात पांढुरकी छटा दिसत असेल तर थर सुटायला लागले आहेत आणि तो पडदा गेला.

१९२५मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि त्याच सुमाराला ॲल्युमिनियमच्या पडद्याच्या पेट्या आल्या. व्हिक्टर कंपनीच्या ऑर्थोफोनिक पेटीमध्ये दांडी बारीक छऱ्यांवर फिरते. तिथे वर सांगितलेली मेणाची रीत लागू नाही, कारण पडद्याचा सांधा वेगळ्या प्रकारचा असतो. छरे स्पिरिटने धुवा, अगदी नावाला घड्याळाचं तेल द्या आणि ओतीव धातूला भेगा दिसल्या तर पुढे हात लावू नका.

सुई निवडण्याबद्दल थोडं. शेलॅकच्या (लाखेच्या) म्हणजे जुन्या ७८च्या तबकडीत दगडाची भुकटी मिसळलेली असते. ती मुद्दाम घासणारी असते, म्हणजे पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच झिजून खाचेच्या आकाराची होते. त्यामुळे पोलादी सुई एका बाजूला एकच. वापरलेली सुई पकडीत थोडी फिरवून पुन्हा लावणं हा सगळ्यांत वाईट काटकसरीचा प्रकार, कारण झिजून तयार झालेली धार आता आडवी येऊन खाच कापते. १९२५ आधीच्या, भोंग्यात गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्यांना मी मध्यम किंवा मऊ आवाजाची सुई देतो. मऊ सुईचा दांडा बारीक असतो, तो किंचित वाकतो आणि धक्के गिळतो. विजेवर मुद्रित झालेली दणदणीत तबकडी जुन्या अभ्रकाच्या पेटीत लावली तर मोठ्या सुरांना दांडी टेकूवरून उडते आणि आवाज फुटतो. तिथेही मऊ सुईच बरी, किंवा ॲल्युमिनियमच्या पडद्याची पेटी. बांबूची तिकोनी सुई तबकडीला सगळ्यांत सौम्य. तिच्यासाठी पकडीचं भोक तिकोनी लागतं. व्हिक्टरच्या एक्झिबिशन नावाच्या काही पेट्यांत ते मुळातच तसं असतं. गोल भोकात बांबूची सुई कोंबली तर ती चिरते. झिजल्यावर तिचं टोक तिरपं छाटून पुन्हा वापरता येतं. १९४८ नंतरच्या लाँगप्ले किंवा कुठल्याही प्लास्टिकच्या तबकडीवर यातलं काहीही ठेवू नका. अशा पेटीचा भार शंभर ग्रॅमच्या पुढे जातो, आणि त्या बारीक खाचा पहिल्याच फेरीत सपाट होतात.

राहिली पाथे. इथे मात्र घरच्या घरी चांगली सोय करता येते आणि मला स्वतःला हेच काम सगळ्यांत आवडतं.

पाथेच्या खाचेला टोकदार सुई चालत नाही, नीलमाचा छोटा गोळा लागतो. साध्या सुईच्या पकडीत बसेल अशा दांड्यावर बसवलेले नीलम मिळतात. दर बाजूला बदलायची गरज नाही, पण लावण्याआधी भिंगातून बघा. गोळ्यावर सपाट चकती दिसली किंवा कड उडालेली असली तर तो टाकून द्या. मग पेटीची दिशा बदलायची. आडव्या चालीत पडद्याचं तोंड तबकडीच्या मध्याकडे किंवा बाहेर असतं. उभ्या चालीसाठी पेटी एक काटकोन फिरवायची, म्हणजे पडद्याचं तोंड खाचेच्या ओळीत येतं.

नुसती फिरवून मी पहिल्यांदा ठेवली तेव्हा आवाज आला, पण दबलेला, आणि पेटी नाचत होती. कारण कागदावर रेघा काढल्यावर कळलं. साधी सुई तबकडीशी साधारण साठ अंशांत उभी असते. खाच तिला सरळ वर ढकलते, पण दांडी फक्त सुईला काटकोनात असलेल्या दिशेनेच फिरू शकते. साठ अंशांत त्या जोराचा निम्माच भाग दांडी फिरवायला लागतो, उरलेला अख्खी पेटी उचलू बघतो. सुई पंचेचाळीस अंशांपर्यंत आडवी केली की हाच भाग सत्तर टक्क्यांवर जातो. म्हणून पेटी आणि ध्वनिनळी (पेटी जिच्या टोकाला बसते ती नळी) यांच्यामध्ये घालायची जोडनळी नुसती वळणारी नको, पेटीला मागे कलवणारीही हवी. पितळी नळीचा कोपरा घेतलात तर आतला व्यास ध्वनिनळीइतकाच ठेवा आणि सांध्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळा. हवा गळली की खालचे सूर आधी जातात.

दुसरी अडचण वजनाची, आणि ती सहज नजरेतून सुटते. आडव्या चालीत पेटीचा भार सुईतून टेकूवर जातो, पडद्याला त्याचा पत्ता नसतो. उभ्या चालीत तोच भार दांडीला सतत एका बाजूला ढकलतो, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीच पडदा ताणलेला असतो. खिडकीच्या प्रतिबिंबाची युक्ती इथे परत वापरा. नीलम तबकडीवर टेकवा, यंत्र बंद ठेवा आणि पडद्यात बघा. प्रतिबिंब वाकलं तर भार जास्त आहे. मी यासाठी लहान, हलकी पेटी वेगळी ठेवली आहे. तिच्या स्प्रिंगा मुद्दाम असमान लावल्या आहेत, इतक्या की हवेत दांडी किंचित एका बाजूला झुकते आणि तबकडीवर टेकल्यावर बरोबर मध्यावर येते. भार मोजायला घरातला छोटा डिजिटल काटा पुरतो. काट्याची पाटी तबकडीच्या उंचीला आणून नीलम तिच्यावर टेकवायचा. मी शंभर ग्रॅमच्या आत ठेवतो.

तिसरी गोष्ट सुईच्या जागेची. जोडनळीने हात लांब होतो आणि सुईचं टोक आधी पडायचं त्याच्या पुढे पडतं. मग सुई खाचेला तिरकी चालते आणि एका भिंतीला घासते. फिरत्या थाळीवर कागदाची चकती ठेवा. मूळ पेटीची सुई बाहेरच्या कडेला, मध्ये आणि आत जिथे टेकते तिथे पेन्सिलने तीन ठिपके करा. जोडनळी लावल्यावर नीलमाने त्याच तीन ठिपक्यांजवळ यायला हवं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, सेंटिमीटरचा नाही. नळी कापायची ती या मापाने. मी पहिली नळी अंदाजाने कापली आणि ती वाया गेली.

वेगही बदलावा लागतो. एडिसनच्या डिस्क मिनिटाला ८० फेऱ्यांच्या, पाथेच्या जुन्या तबकड्या साधारण नव्वदच्या आसपास. कागदाचा तुकडा थाळीच्या कडेला चिकटवून घड्याळाच्या काट्यावर फेऱ्या मोजल्या की गव्हर्नरचा, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाचा, पेच कुठे ठेवायचा ते कळतं.

माझ्या दोन्ही पेट्या वेगवेगळ्या डब्यांत असतात. आडव्या चालीच्या डब्यावर नागमोडी रेघ काढली आहे, उभ्या चालीच्या डब्यावर सरळ रेघ आणि तिच्याखाली ठिपके, भिंगातून दिसतात तसेच. नीलम पकडीतून काढून कापसात ठेवतो आणि पेच अर्धा फेरा सैल सोडतो.